प्रयोगशाळा सोडून राजनय शिकायला जाऊ का?

नमस्कार मॅडम,

मी २७ वर्षांची आहे. रसायनशास्त्रात बीएस्सी केलं आणि गेली तीन वर्षं एका कंपनीच्या क्वालिटी कंट्रोल लॅबमध्ये आहे. काम वाईट नाही, पण रोज तेच नमुने आणि तेच अहवाल. जगात काय चाललंय हे मी शाळेपासून आवडीने वाचत आले आहे. आता परदेशातल्या एका विद्यापीठात ‘राजनय आणि आंतरराष्ट्रीय सुरक्षा’ या विषयाच्या एक वर्षाच्या एमएला प्रवेश मिळतो आहे. हे केल्यावर मी डिप्लोमॅट होऊ शकेन का? रसायनशास्त्र वाया जाईल का? कर्ज मोठं काढावं लागेल. दादा म्हणतो, बातम्या बघायला आवडतात म्हणून कुणी करिअर बदलत नाही. राजीनामा देऊन टाकावा असं रोज सकाळी वाटतं. काय करू?

– नाव छापू नका

प्रिय मैत्रिणी,

पहिल्या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ असं आहे, आणि ते आधीच सांगून टाकलेलं बरं. या पदवीमुळे कुणी डिप्लोमॅट होत नाही. दूतावासात बसणारी माणसं प्रत्येक देश आपापल्या परराष्ट्र सेवेच्या भरतीतून निवडतो आणि त्या भरतीला हा विषय लागतोच असं नाही. भारतात कुठल्याही शाखेची पदवी चालते. अमेरिकेच्या परराष्ट्र सेवेत अधिकारी व्हायला तर ठरावीक शिक्षणाचीही अट नाही. निवड झाली की पुढचं शिकवायला त्या त्या देशाच्या प्रशिक्षण संस्था असतात. तेव्हा डोळ्यांसमोर फक्त झेंडा लावलेली गाडी असेल, तर हा खर्च अनाठायी आहे. त्या परीक्षेची तयारी लॅबमधली नोकरी सांभाळूनही करता येईल.

मग ही पदवी घेतलेली मुलं जातात कुठे? थिंक टँकमध्ये, म्हणजे धोरणांचा अभ्यास करणाऱ्या संस्थांमध्ये, आंतरराष्ट्रीय संघटनांमध्ये, मंत्रालयांत कंत्राटी विश्लेषक म्हणून, वृत्तसंस्थांमध्ये. आणि बऱ्याच जणी जातात बँका नि निर्यातदार कंपन्यांच्या त्या विभागात, जिथे कुणावर कोणते निर्बंध आहेत आणि कोणता माल कुठल्या देशात पाठवायला परवाना लागतो हे बघितलं जातं. हा शेवटचा प्रकार माहितीपत्रकाच्या मुखपृष्ठावर कधी दिसत नाही, पण नोकऱ्या तिथे नियमित निघतात आणि रसायनं ओळखणारी व्यक्ती त्यांना हवीच असते.

एक गोष्ट मात्र विद्यापीठं हळू आवाजात सांगतात. ‘सुरक्षा’ या शब्दाभोवतीच्या सरकारी नोकऱ्यांना बहुतेक ठिकाणी त्या देशाचं नागरिकत्व लागतं. तू ज्या देशात शिकशील तिथल्या संरक्षण मंत्रालयात, गुप्तवार्ता खात्यात किंवा त्यांच्या कंत्राटदारांकडे तुझी वर्गमैत्रीण सहज अर्ज करेल आणि तुला पहिल्याच रकान्यात थांबावं लागेल. प्रवेश घेण्याआधी विभागाला एवढं विचार: मागच्या तुकडीतले परदेशी विद्यार्थी आज कुठल्या पदावर आहेत? ‘आमचे माजी विद्यार्थी जगभर आहेत’ असं उत्तर आलं, तर ते उत्तर समजू नकोस.

आता दादाकडे वळते. त्याचं म्हणणं निम्मं खरं आहे. बातम्यांची आवड आणि या विषयाची आवड यांत बरंच अंतर आहे, आणि ते मोजायला मी वर्गात एक प्रकरण वापरत असे.

१७ एप्रिल १९८४. लंडनच्या सेंट जेम्स स्क्वेअरमध्ये लिबियाच्या दूतावासासमोर गद्दाफीविरोधी निदर्शनं चालली होती. दूतावासाच्या खिडकीतून गोळीबार झाला आणि बंदोबस्तावरची पोलीस कॉन्स्टेबल इव्हॉन फ्लेचर मारली गेली. पोलिसांनी इमारतीला वेढा घातला. तो ११ दिवस चालला, पण आत कुणी शिरलं नाही. ब्रिटनने लिबियाशी संबंध तोडले आणि आतल्या सगळ्यांना मायदेशी जाऊ दिलं. त्यांच्या सीलबंद राजनैतिक थैल्या, म्हणजे दूतावासाचं टपाल आणि सामान नेणाऱ्या पिशव्या, उघडल्यासुद्धा नाहीत. गोळी झाडणारा त्यांच्यातच होता, असं मानायला भरपूर जागा होती.

हे ऐकल्यावर वर्ग संतापतो, आणि संतापायलाच हवं. मग राजनैतिक संबंधांचे नियम ठरवणारा १९६१चा व्हिएन्ना करार उघडायचा. कलम २२: यजमान देशाचे अधिकारी परवानगीशिवाय दूतावासात पाऊल ठेवू शकत नाहीत. कलम २७: राजनैतिक थैली उघडायची नाही, अडवायची नाही. कलम २९: डिप्लोमॅटला अटक नाही. यजमानाच्या हातात उरतं मुख्यतः कलम ९, म्हणजे कारण न देता ‘हा माणूस आम्हाला नको’ असं सांगून त्याला परत पाठवणं. आणि मग वर्गाला विचारायचं, की त्याच ११ दिवसांत त्रिपोलीतल्या ब्रिटिश दूतावासाभोवती कोण उभं होतं? लिबियाची सशस्त्र माणसं. जे कलम लंडनमध्ये मारेकऱ्याला वाचवत होतं, त्याच्याच भरवशावर त्रिपोलीतली ब्रिटिश माणसं जिवंत घरी येणार होती.

इथून पुढे वर्गाचे दोन भाग पडतात. काहींना कंटाळा येतो, कारण दोषी कोण हे त्यांना कळलेलं असतं आणि तेवढं त्यांना पुरतं. काहींच्या डोक्यात भुंगा लागतो. मग ब्रिटनने पुढे काय केलं? १९८७मध्ये कायदा केला, की दूतावासाच्या जागेचा दर्जा सरकार काढून घेऊ शकेल, मात्र आंतरराष्ट्रीय कायद्यात ते बसत असेल तरच. २०१२मध्ये विकिलीक्सचा ज्युलियन असांज लंडनमधल्या इक्वेडोरच्या दूतावासात जाऊन बसला तेव्हा ब्रिटनने त्या कायद्याची आठवण करून दिली, पण पोलीस आत पाठवले नाहीत. का नाही पाठवले? हा भुंगा ज्यांना लागतो त्यांनी या वाटेला यावं. तू स्वतःच बघ, वरचे दोन परिच्छेद वाचताना तुला काय झालं. दादाला ते कळणार नाही, मलाही नाही.

आता रसायनशास्त्र. अगं, तुझ्या पत्रातलं सगळ्यात मोठं भांडवल तेच आहे आणि तू ‘वाया जाईल का’ विचारतेस!

रासायनिक अस्त्रबंदी करार १९९७मध्ये अंमलात आला. १९३ देश त्यात आहेत. तो राबवणाऱ्या संघटनेचं नाव ओपीसीडब्ल्यू, मुख्यालय हेगमध्ये, आणि २०१३चं शांततेचं नोबेल तिला मिळालं. या करारात रसायनांच्या तीन याद्या आहेत. पहिलीत सरिन, व्हीएक्स, मस्टर्ड अशी थेट अस्त्रं. दुसरीत थायोडायग्लायकॉलसारखी रसायनं, जी मस्टर्डच्या आधीची पायरी असतात आणि बॉलपेनच्या शाईतही जातात. तिसरीत फॉस्जीन, ज्याने पहिल्या महायुद्धात माणसं मारली आणि जे आज प्लास्टिक उद्योगाला मोठ्या प्रमाणावर लागतं. क्लोरीन कुठल्याच यादीत नाही, कारण त्याशिवाय जगाचं पाणी शुद्ध होणार नाही. पण ते कुणी माणसांवर सोडलं तर करारभंग होतोच. म्हणजे यादी हा कराराचा एक भाग झाला. हेतू हा दुसरा, आणि हेतू काही नमुन्यात सापडत नाही.

तुला रोज दिसणाऱ्या गोष्टीपर्यंत येते. ओपीसीडब्ल्यूचे निरीक्षक कारखान्यात जातात, गरज पडल्यास नमुना घेतात आणि सोबत आणलेल्या जीसी-एमएसवर, म्हणजे मिश्रणातली रसायनं वेगळी करून ओळखणाऱ्या उपकरणावर, तो चालवतात. आता कारखान्याचा मालक म्हणणार, ‘माझ्या उत्पादनाचं गुपित तुमच्या पडद्यावर उघडं होईल, त्याचं काय?’ म्हणून त्या उपकरणाचं सॉफ्टवेअर अशा तऱ्हेने लावता येतं, की संघटनेच्या माहितीसाठ्यातल्या रसायनाशी जुळणी झाली तरच नाव दिसावं आणि बाकीचं झाकलेलं राहावं. निरीक्षकांना किती दिसावं यावर देशादेशांत जी घासाघीस झाली, ती शेवटी मशीनच्या एका सेटिंगमध्ये येऊन बसली आहे. राज्यशास्त्र शिकून आलेल्या विद्यार्थ्याला ही गोष्ट समजावून सांगावी लागते. तुला ती वाचतावाचताच कळली असेल.

पुढेही बरंच आहे. मार्च २०१८मध्ये इंग्लंडमधल्या सॉल्झबरीत नोव्हिचोक या मज्जासंस्थेवर घाव घालणाऱ्या गटातलं विष वापरलं गेलं, तेव्हा हा गट पहिल्या यादीत नव्हता. २०१९च्या नोव्हेंबरमध्ये सदस्य देशांनी तो घातला आणि कराराच्या इतिहासात यादी पहिल्यांदाच बदलली. एका देशाला दुसऱ्याचा संशय आला तर अल्प सूचनेवर तपासणी मागण्याची तरतूद करारात पहिल्यापासून आहे. ती आजवर एकदाही वापरली गेलेली नाही. एवढे आरोप झाले, संशय आले, युद्धं झाली, तरी नाही. प्रबंधाला विषय शोधायला लागशील तेव्हा हा डोळ्यांसमोर ठेव.

आणि ‘याने जगात काही फरक पडतो का’ असा प्रश्न मनात असेल, तर देशांनी जाहीर केलेले ७२,३०४ टनांचे साठे नष्ट करायचं काम जुलै २०२३मध्ये पूर्ण झालं. शेवटचा साठा अमेरिकेतल्या केंटकीमध्ये होता. त्याच काळात सीरियात, करारात सामील झाल्यानंतरही, रासायनिक हल्ले झाले. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि या क्षेत्रात काम करायचं तर दोन्ही एका वेळी पचवाव्या लागतात.

फक्त रसायनांपुरतंच हे आहे असं समजू नकोस. २०१५चा इराण अणुकरार घे. बोलणी अडली तेव्हा दोन्ही बाजूंनी तंत्रज्ञ पुढे आणले. अमेरिकेकडून ऊर्जामंत्री अर्नेस्ट मोनिझ, जे एमआयटीत भौतिकशास्त्राचे प्राध्यापक होते. इराणकडून अली अकबर सालेही, ज्यांनी त्याच एमआयटीतून अणुअभियांत्रिकीत डॉक्टरेट घेतलेली. युरेनियम ३.६७ टक्क्यांपलीकडे समृद्ध करायचं नाही, साठा ३०० किलोंच्या वर न्यायचा नाही, असे आकडे करारात होते, ते हवेतून आलेले नव्हते. बॉम्बपर्यंत पोचायला किती महिने लागतील, या हिशेबातून ते निघाले. आणि २०१८च्या मे महिन्यात अमेरिका त्या करारातून बाहेर पडली, ते आकडे चुकले म्हणून नव्हे, तर सरकार बदललं म्हणून. तुला आकडे वाचता येतात. एमएने तुला सरकारं वाचायला शिकवावं, एवढीच त्या एका वर्षाकडून अपेक्षा धर.

सिद्धान्तांची भीती तर मुळीच नको. वास्तववाद, उदारमतवाद, रचनावाद अशी नावं पहिल्या महिन्यात कानावर आदळतात आणि दुसऱ्या महिन्यात सवयीची होतात. जड जातं ते लिहिणं. विद्यापीठात पाच हजार शब्दांचा निबंध मागतात आणि नोकरीत एक पान. त्या पानाच्या वरच्या तीन ओळींत काय झालं, त्याचा अर्थ काय आणि काय करावं हे यायला लागतं, कारण मंत्री चौथ्या ओळीपर्यंत पोचतीलच याची खात्री नसते. इथेही तुझा लॅबमधला हात कामी येईल. मोजलेलं काय, अंदाज काय आणि माहीत नाही ते काय, हे वेगवेगळं लिहायची शिस्त बऱ्याच राजकीय विश्लेषकांना पन्नाशीतही जमत नाही.

फी भरण्याआधी घरीच एक परीक्षा घे. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेचा २११८ क्रमांकाचा ठराव शोध, २७ सप्टेंबर २०१३चा. सीरियाच्या रासायनिक अस्त्रांबद्दलचा आहे, इंटरनेटवर सहज मिळतो. सावकाश वाच. कोणत्या परिच्छेदात बंधन आहे आणि कोणत्यात नुसती इच्छा, यावर खुणा कर. मग २१व्या परिच्छेदाशी थांब. सीरियाने ऐकलं नाही तर संयुक्त राष्ट्रांच्या सनदेच्या सातव्या प्रकरणाखाली (निर्बंध आणि बळाचा वापर त्यातच येतात) उपाय लादू, असं तिथे लिहिलंय. वाचून वाटतं, चांगलाच दम भरलाय. पण ते उपाय लादायला परिषदेला पुन्हा ठराव करावा लागणार होता, आणि २८ फेब्रुवारी २०१७ला निर्बंधांचा तसा ठराव आला तेव्हा रशिया आणि चीनने नकाराधिकार वापरला. या सगळ्यावर एक पान लिही आणि दादाला वाचायला दे. त्याला कळलं, तर तुझी तयारी माझ्या अंदाजापेक्षा पुढे आहे. लिहिताना तुला दुपार कशी गेली ते समजलं नाही, तर दादाच्या आक्षेपाचं उत्तरही त्यातच मिळेल.

अभ्यासक्रम पारखताना नावाला भुलू नकोस. नावं सगळ्यांची भारदस्त असतात. शिकवणाऱ्यांची यादी उघड आणि शस्त्रनियंत्रणावर किंवा रासायनिक-जैविक अस्त्रांवर काम करणारं निदान एक माणूस तिथे आहे का ते बघ. नसेल, तर तुझ्यासाठी ते विद्यापीठ कितीही नावाजलेलं असलं तरी उपयोगाचं नाही. प्रबंध सक्तीचा आहे का, वाटाघाटींचे सराव होतात का, संशोधनपद्धतीचा एक तरी कडक पेपर आहे का, हेही बघ. निवृत्त राजदूतांची व्याख्यानं ऐकायला छान असतात. त्यांच्यासाठी फी भरू नये.

भाषेबद्दल तू विचारलं नाहीस, पण दुसरं स्पेशलायझेशन घेण्यापेक्षा मी भाषेला वेळ दिला असता. अमेरिकेचं परराष्ट्र खातं आपल्या अधिकाऱ्यांना अरबी किंवा चिनी शिकवायला ८८ आठवडे पूर्णवेळ देतं. तुला तेवढा वेळ मिळणार नाही. फ्रेंच त्या मानाने पुष्कळ लवकर येते आणि आंतरराष्ट्रीय संघटनांमध्ये तिचा उपयोग मोठा आहे. आत्तापासून रोज थोडं सुरू कर.

आता पैशाचं. मोठं कर्ज काढून या एमएला जायला मी ‘हो’ म्हणणार नाही. या क्षेत्रातली पहिली दोन-तीन वर्षं पगाराच्या बाबतीत लंगडी असतात. संयुक्त राष्ट्रांच्या सचिवालयातली इंटर्नशिप बिनपगारी असते, राहण्या-खाण्याचं आपलं आपण बघायचं. थिंक टँकची कंत्राटं छोटी असतात. ज्यांच्या डोक्यावर हप्ता असतो त्यांना नेमक्या याच वर्षांत मिळेल ती नोकरी धरावी लागते आणि मग पुन्हा लॅब. ओपीसीडब्ल्यूसारख्या ठिकाणी पोचलीस तरी ते कायमचं घर नसतं. तिथे सर्वसाधारणपणे सात वर्षांची मर्यादा आहे, नंतर माणसं बदलतात.

म्हणून शिष्यवृत्तीच्या मागे लाग. ब्रिटन सरकारच्या चेव्हनिंग शिष्यवृत्तीला दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो, तुझ्याकडे तीन वर्षांचा आहे. अट अशी, की शिक्षण संपल्यावर दोन वर्षांसाठी मायदेशी परतायचं. युरोपात एरास्मस मुंडस या युरोपीय संघाच्या योजनेखाली सुरक्षा अभ्यासाचे संयुक्त अभ्यासक्रम चालतात, त्यांच्याही पूर्ण शिष्यवृत्त्या असतात. त्यासाठी आत्ताचा प्रवेश एक वर्ष पुढे ढकलावा लागला तर ढकल. पुष्कळ विद्यापीठं ते मान्य करतात. मेल करून विचार. संयुक्त राष्ट्रांच्या तरुण व्यावसायिकांच्या परीक्षेला वयाची मर्यादा ३२ आहे आणि त्या वर्षी तुझा देश सहभागी यादीत असावा लागतो, तेवढं मात्र कॅलेंडरवर लिहून ठेव. एका वर्षाने तुझं काही बिघडत नाही.

राहता राहिला राजीनामा. रोज सकाळी वाटतो ना, वाटू दे. प्रवेश आणि पैसे दोन्ही कागदावर आल्याखेरीज देऊ नकोस. आणि देशील तेव्हा एचआरकडून नुसतं ‘कामावर होती’ असं दोन ओळींचं पत्र घेऊन निघू नकोस. पदनाम, रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख, आठवड्याचे तास, कोणती उपकरणं स्वतः चालवलीस आणि कोणत्या पद्धतींची व्हॅलिडेशन केलीस, हे सगळं लेटरहेडवर सही-शिक्क्यासह मागून घे. शिष्यवृत्तीवाले तासांचा हिशेब विचारतात आणि हेगवाले उपकरणांचा. आणखी दोन वर्षांनी हे पत्र मागायला गेलीस, तर तुला ओळखणारे सुपरवायझर तिथे असतीलच असं नाही.